स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतली # आणि ! ही जोडी जगाला देणारे डेनिस रिची नेमके कोण होते?

मित्राने तुम्हाला एक छोटी स्क्रिप्ट पाठवली. फोल्डरमधल्या हजारभर फोटोंची नावं एका फटक्यात बदलून देणारी. त्याच्या लॅपटॉपवर ती झकास चालते. तुम्ही ती तुमच्या मशीनवर चालवता आणि कॉम्प्युटर सांगतो की अशी फाईलच नाही. फाईल तर डोळ्यांसमोर आहे. मग नाही ते काय?

नाही तो तिचा दुभाष्या, म्हणजे इंटरप्रिटर.

पायथन, पर्ल, बॅश यांसारख्या भाषांत लिहिलेली स्क्रिप्ट म्हणजे साधा मजकूर असतो. प्रोसेसरला तो थेट कळत नाही. तो वाचून त्याप्रमाणे काम करणारा एक वेगळा प्रोग्राम लागतो, तोच इंटरप्रिटर. कोणता इंटरप्रिटर बोलवायचा आणि तो डिस्कवर कुठे राहतो, हे स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. ही ओळ # आणि ! या दोन चिन्हांनी सुरू होते. प्रोग्रामर मंडळी तिला शिबँग म्हणतात. मित्राच्या ओळीतला पत्ता त्याच्या मशीनवर खरा होता, तुमच्या मशीनवर तो खोटा ठरला. गडबड एवढीच.

१९८० साली ही सोय युनिक्समध्ये बसवली डेनिस रिची यांनी. सी भाषा बनवणारे आणि केन थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्स उभी करणारे तेच रिची. त्यांचं नाव इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात एकदा कानावर पडतं आणि परीक्षा झाली की विसरलं जातं. पण त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिलं तर एकच धागा सगळीकडे दिसतो. माणसाने केलेलं काम एखाद्या मशीनला कायमचं बांधलेलं राहू नये, हा तो धागा.

बापाच्या ऑफिसातच लेकाची नोकरी

डेनिस मॅकअलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिल इथला. वडील अलिस्टर रिची हे बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागणाऱ्या स्विचिंग सर्किटवर त्यांनी सहकाऱ्यांसोबत लिहिलेलं पुस्तक त्या काळी गाजलं होतं. डेनिस लहान असतानाच कुटुंब न्यू जर्सीतल्या समिट गावी राहायला आलं. बेल लॅब्सचं मरे हिल इथलं मुख्य केंद्र तिथून हाकेच्या अंतरावर.

शाळेनंतर डेनिस हार्वर्डला गेले. आधी फिजिक्स शिकले, मग अप्लाइड मॅथेमॅटिक्सकडे वळले. १९६७ साली ते बेल लॅब्समध्ये रुजू झाले आणि १९६८ मध्ये त्यांचा पीएचडीचा प्रबंधही लिहून झाला. पण पदवी मात्र त्यांनी घेतलीच नाही. प्रबंधाची बाइंडिंग केलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करायची असते, ती त्यांनी कधी केलीच नाही. बाइंडिंगचा खर्च कुणी करायचा यावरून घोडं अडलं, अशी आठवण त्यांच्या ओळखीतले लोक सांगतात. हा प्रबंध पुढे कित्येक दशकं कुणाच्या पाहण्यातच आला नाही. २०२० साली अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तो जगासमोर आणला.

म्हणजे कॉम्प्युटर सायन्समधल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक असलेला हा माणूस कागदोपत्री कधी डॉक्टर झालाच नाही.

एक गेम आणि दोन मशीन

त्या काळी एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स मिळून मल्टिक्स नावाची अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होते. काम लांबत गेलं, खर्च वाढत गेला. शेवटी १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं. त्यावर काम करणारी केन थॉम्पसन, डेनिस रिची ही पोरं एका चांगल्या सिस्टीमची चव घेऊन मोकळ्या हाताने परत आली.

थॉम्पसन यांनी स्पेस ट्रॅव्हल नावाचा एक गेम लिहिला होता. सूर्यमालेत यान फिरवायचं आणि ग्रहांवर उतरवायचं. पण ऑफिसच्या मोठ्या मशीनवर एक डाव खेळायचा म्हणजे कॉम्प्युटरच्या वेळेचा साधारण ७५ डॉलर खर्च. मग एका कोपऱ्यात पीडीपी-७ नावाचं जुनं, फारसं कुणी न वापरणारं मशीन सापडलं. गेम तिकडे न्यायचं ठरलं.

न्यायचा म्हणजे कॉपी-पेस्ट नव्हे. थॉम्पसन आणि रिची यांना तो नव्या मशीनसाठी पुन्हा लिहावा लागला. गेम तोच, ग्रह तेच, गणित तेच. बदललं होतं फक्त मशीन. तरी जवळपास सगळी मेहनत पुन्हा.

याच पीडीपी-७ वर १९६९ मध्ये थॉम्पसन यांनी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम उभी केली, ती युनिक्स. ती असेंब्ली भाषेत लिहिलेली होती. असेंब्ली म्हणजे त्या त्या प्रोसेसरची स्वतःची बोली. एका प्रोसेसरची बोली दुसऱ्याला कळत नाही. पुढे पीडीपी-११ हे नवीन मशीन आलं आणि युनिक्स पुन्हा लिहावी लागली.

मशीन बदललं की काम शून्यावर. ही गोष्ट तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरली होती.

सी भाषा कशी आली?

थॉम्पसन यांनी बी नावाची एक सुटसुटीत भाषा बनवली होती. तिच्यात आकडा, अक्षर असा भेदच नव्हता. प्रत्येक गोष्ट म्हणजे मशीनचा एक वर्ड. पीडीपी-११ मात्र एकेका बाइटला वेगळा पत्ता देणारं मशीन होतं. तिथे बी तोकडी पडायला लागली.

रिचींनी १९७१ पासून बीमध्ये भर घालायला सुरुवात केली. अक्षरांचा वेगळा प्रकार आला, पूर्णांकांचा वेगळा आला. १९७२ पर्यंत मूळ भाषा इतकी बदलली की तिला नवं नाव द्यावं लागलं, सी.

त्याच वर्षी थॉम्पसन यांनी युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सीमध्ये लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही आणि त्यांनी नाद सोडला. भाषेत तेव्हा स्ट्रक्चर नव्हतं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका गठ्ठ्यात बांधायची सोय नव्हती. रिचींनी ती सोय केली. १९७३ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला आणि यावेळी जमलं.

ऑपरेटिंग सिस्टीम असेंब्लीतच लिहायची, असं मानायचा तो काळ. वरच्या पातळीच्या भाषेत लिहिली तर ती रेंगाळेल, असा समज होता. युनिक्सने तो मोडून काढला.

युनिक्सचं बिऱ्हाड हललं

सी आली म्हणून सगळे प्रोग्राम लगेच कुठेही चालायला लागले असं नाही. बेल लॅब्समध्ये इतर कंपन्यांच्या मशीनवरही सी पोहोचली होती. पण एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर नेला की अडायचंच. बहुतेक वेळा भाषा आडवी यायचीच नाही, आडवी यायची तिथली ऑपरेटिंग सिस्टीम. फाईल उघडायची पद्धत वेगळी, प्रोग्राम सुरू करायची पद्धत वेगळी.

रिची आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी यावर उलटा विचार केला. प्रत्येक प्रोग्राम नव्या सिस्टीमशी जुळवत बसण्यापेक्षा सिस्टीमच उचलून नवीन मशीनवर नेली तर?

१९७७ मध्ये त्यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या मशीनवर नेली. पीडीपी-११ हे १६ बिटचं, तर हे ३२ बिटचं. दोघांची ठेवण पूर्ण वेगळी. विशेष म्हणजे साधारण त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठातही युनिक्स इंटरडेटाच्याच दुसऱ्या मॉडेलवर नेली गेली, तीही स्वतंत्रपणे.

या खटाटोपात सीमधल्या मशीनला चिकटलेल्या जागा एकेक करून उघड्या पडल्या आणि भाषा अजून घासूनपुसून निघाली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं. ते जगभर पोहोचलं. आपल्याकडे सी घरोघरी नेली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या लेट अस सी या पुस्तकाने. त्यातून शिकलेल्या पिढ्याही शेवटी रिचींचीच भाषा शिकत होत्या.

१० जानेवारी १९८०

आता आपल्या त्या पहिल्या ओळीकडे येऊ.

सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम कंपाइल होऊन मशीनच्या बोलीत येतो आणि कर्नल तो थेट चालवतो. स्क्रिप्टचं तसं नव्हतं. मजकुराची फाईल कर्नलपुढे ठेवली की तो हात वर करायचा. मग तुम्ही ज्या शेलमध्ये कमांड टाइप करत होता, तो शेल ती फाईल स्वतः वाचून चालवायचा.

शेल एकच होता तोवर हे खपून गेलं. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा नवा शेल आला आणि तिकडे बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी सी शेल बनवला. दोघांची भाषा वेगळी. आता समोरची स्क्रिप्ट कुणाची? बर्कलीचा सी शेल फाईलचं पहिलं अक्षर पाहायचा. ते # असेल तर स्क्रिप्ट आपली, नसेल तर दुसऱ्या शेलची. म्हणजे निव्वळ अंदाजाचा खेळ.

१० जानेवारी १९८० च्या एका छोट्या निरोपात रिचींनी सहकाऱ्यांना कळवलं की सिस्टीम बदलली आहे. फाईलची पहिली दोन अक्षरं # आणि ! असतील तर त्याच ओळीत पुढे लिहिलेला इंटरप्रिटर कर्नल स्वतः सुरू करेल आणि ती फाईल त्याच्या हातात देईल. # ने सुरू होणारी ओळ म्हणजे बहुतेक स्क्रिप्ट भाषांत नुसती टिप्पणी असते. त्यामुळे इंटरप्रिटर ती वाचतो आणि सोडून देतो. एकच ओळ, कर्नलसाठी हुकूम आणि इंटरप्रिटरसाठी बिनकामाची.

फायदे त्यांनी मोजून पाच सांगितले होते. स्क्रिप्ट खऱ्याखुऱ्या प्रोग्रामसारखी वागेल, चालू प्रोग्रामच्या यादीत तिचं स्वतःचं नाव दिसेल, दुसरा शेल वापरणं सोपं होईल, असे. त्यातला शेवटचा फायदा आज वाचताना थबकायला होतं. पुढे येणाऱ्या इतर इंटरप्रिटरनाही सिस्टीममध्ये सहज सामावून घेता येईल, असं त्यांनी लिहिलं होतं.

तेव्हा पर्ल यायला ७ वर्षं होती आणि पायथन यायला ११. तरी त्यांच्यासाठी दार उघडून ठेवलेलं होतं.

बरं, याचं श्रेय तरी घ्यावं? बऱ्याच वर्षांनी कुणीतरी विचारलं तेव्हा रिचींनी सांगून टाकलं की मूळ कल्पना त्यांची नव्हती. बर्कलीतल्या एका युनिक्स परिषदेत ती कुणाकडून तरी कानावर आली होती, आपण ती सुरुवातीला बसवणाऱ्यांपैकी एक असू. आणि या गोष्टीला आपण कधी नीट नाव दिल्याचंही त्यांना आठवत नव्हतं.

पण एक गाठ राहून गेली

रिचींच्या या ओळीत इंटरप्रिटरचा पूर्ण पत्ता लागतो. कारण कर्नल शोधाशोध करत नाही. सांगितलेल्या जागी तो जातो, तिथे काही नसेल तर परत येतो.

१९८० मध्ये यात काही अडचण नव्हती. इंटरप्रिटर मोजकेच आणि त्यांच्या जागा ठरलेल्या. पण युनिक्स एका घरात थोडीच राहिली? सरकारसोबतच्या १९५६ च्या कायदेशीर तडजोडीमुळे एटीअँडटी कंपनीला कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना सोर्स कोडसकट स्वस्तात मिळत गेली. प्रत्येकाने ती आपल्या सोयीने बदलली आणि सॉफ्टवेअर ठेवायच्या जागाही आपापल्या ठरवल्या.

बॅशचंच उदाहरण घ्या. लिनक्सवर तो बहुतेक /बिन/बॅश या जागी सापडतो. फ्रीबीएसडीवर तो बाहेरून टाकावा लागतो आणि /यूएसआर/लोकल/बिन मध्ये जाऊन बसतो. मॅकवर /बिन/बॅश आहे, पण लायसन्सच्या कारणामुळे जुन्या ३.२ आवृत्तीवरच थांबलेला. नवा हवा म्हणून अ‍ॅपलच्या चिपवर होमब्रूने टाकला तर तो /ऑप्ट/होमब्रू/बिन मध्ये. पायथनची तर प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळी चूल मांडता येते.

म्हणजे गंमत बघा. ज्या माणसाने कामं मशीनपासून सोडवण्यात आयुष्य घातलं, त्याच्याच सोयीमुळे स्क्रिप्ट पुन्हा एका मशीनच्या पत्त्याला बांधली गेली.

मग लोकांनी काय केलं?

त्यांनी कर्नलला हात न लावता तोडगा काढला. युनिक्समध्ये एनव्ही नावाची एक छोटी कमांड आहे. तिचं खरं काम वेगळंच, एखादा प्रोग्राम ठराविक सेटिंग देऊन सुरू करायचा. पण प्रोग्रामचं नुसतं नाव दिलं तरी ती तो शोधून काढते. कुठे शोधायचं याची यादी पाथ नावाच्या सेटिंगमध्ये असते. यादीतल्या फोल्डरमध्ये एकामागून एक डोकवायचं आणि पहिला जो सापडेल तो सुरू करायचा.

म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा पत्ता देण्याऐवजी एनव्हीचा पत्ता द्यायचा आणि पुढे पायथनचं फक्त नाव लिहायचं. देवनागरीत ही ओळ साधारण अशी दिसेल : #!/यूएसआर/बिन/एनव्ही पायथन३

लग्नपत्रिकेवर घर नंबर छापण्याऐवजी, नाक्यावरच्या टपरीवर नाव सांगा, घर दाखवतील, असं लिहिण्यासारखं आहे हे. इंटरप्रिटर कुठे आहे हे स्क्रिप्ट लिहिताना ठरत नाही. ते ठरतं चालवताना, तुमच्या मशीनवर, तुमच्या यादीनुसार.

अर्थात टपरी तरी ठरलेल्या जागी हवी. एनव्ही सगळीकडे /यूएसआर/बिन मध्येच असेल, असं कोणतंही स्टँडर्ड छातीठोकपणे सांगत नाही. पण पाळत पाळत तो रिवाजच झालाय. निक्सओएस ही लिनक्सची आवृत्ती तर बाकीचं जवळपास सगळं वेगळ्याच ठिकाणी ठेवते, पण एनव्ही मात्र तिथेच ठेवते.

हा उपाय वापरताना काही गोष्टी मात्र लक्षात असू द्या.

यादीत पहिला सापडणारा पायथन तुम्हाला हवा तोच असेल असं नाही. क्रॉनने ठराविक वेळी चालवलेल्या कामांना ही यादी फार छोटी मिळते, त्यामुळे हाताने चालवलेली स्क्रिप्ट चालते आणि तीच रात्री अडते. कुणी तुमच्या यादीत खोटा पायथन पुढे घुसवला तर तोच चालेल, म्हणून सिस्टीमच्या नाजूक कामांसाठी पक्का पत्ताच बरा. लिनक्स इंटरप्रिटरच्या पुढचा सगळा मजकूर एकच तुकडा म्हणून देतो, त्यामुळे नावापुढे एखादा पर्याय जोडला की एनव्ही गोंधळते. त्यासाठी जीएनयूच्या एनव्हीमध्ये २०१८ साली एस हा पर्याय आला. आणि फाईल विंडोजवर सेव्ह केली असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं. मग पत्ता, नाव सगळं बरोबर असूनही इंटरप्रिटर सापडत नाही.

शेवट

रिचींना १९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत ट्युरिंग पुरस्कार मिळाला, पुढे अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी मिळालं. ते स्वतः मात्र शेवटपर्यंत अबोलच राहिले. दुपारी ऑफिसला यायचं आणि रात्री उशिरापर्यंत काम करत बसायचं, हा शिरस्ता. युनिक्सनंतर प्लॅन ९ आणि इन्फर्नो या सिस्टीमच्या कामातही ते होते. इन्फर्नोमागची कल्पनाही तीच, एकदा लिहिलेला प्रोग्राम वेगवेगळ्या मशीनवर तसाच चालावा. सगळं करिअर एकाच संस्थेत काढून २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

१२ ऑक्टोबर २०११ ला न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्स इथल्या घरी ते मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहायचे. नेमके कधी गेले हेही खात्रीने सांगता आलं नाही. आठवडाभर आधीच, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्स गेले होते आणि जगभरचे पेपर, चॅनेल त्याच बातमीने भरलेले होते. रिचींची बातमी जुने सहकारी रॉब पाईक यांनी सोशल मीडियावर दिली, तेव्हा प्रोग्रामर मंडळींच्या बाहेर फारशी कुणाला कळलीही नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये आलेली फेडोरा लिनक्सची १६ वी आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केली गेली.

आयफोनच्या सिस्टीमचं मूळ युनिक्सच्या बर्कली शाखेत सापडतं. अँड्रॉइडच्या पोटातलं लिनक्स कर्नल सीमध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे हे वाचताना तुमच्या हातात जो फोन आहे, तो कोणत्याही कंपनीचा असला तरी रिचींचं काम त्यात आहेच.

त्यांनी बसवलेल्या ओळीतली शेवटची गाठ दुसऱ्यांनी सोडवली, आणि तीही त्यांच्या ओळीतला एक शब्द न बदलायला लावता. दुसऱ्याला पुढे काम करता येईल एवढी जागा सोडायची, हीच तर त्यांची आयुष्यभराची पद्धत होती. तेव्हा पुढच्या वेळी स्क्रिप्ट कुणाला पाठवण्याआधी तिची पहिली ओळ एकदा बघा. तिथे तुमच्या मशीनचा पत्ता आहे की नुसतं नाव, यावर ती समोरच्याकडे चालेल की नाही ते ठरणार आहे.